आंबा आणि दगडफूल

कोकणातील जुन्या आंबराईत खोडाफांद्यांवर राखी-हिरवट पापुद्रे दिसू लागले की बागायतदार चिंतेत पडतो. झाडाला रोग लागला असे मानून कोयत्याने साल खरवडली जाते, अथवा औषधांवर पैसा खर्च होतो. हे पापुद्रे म्हणजे दगडफूल. शास्त्रीय परिभाषेत शैवाक. त्यावर ठेवला जाणारा हा आरोप अन्यायाचा आहे.

दोहोंची तुलना केल्यास ही गोष्ट सहज ध्यानी येते. आंबा जमिनीतून मुळांवाटे पाणी व क्षार घेतो आणि पानांत अन्न तयार करतो. दगडफूल ही एकच वनस्पती नसून बुरशी व शैवल यांचा तो एकत्र संसार आहे, असे श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ च्या सुमारास प्रतिपादिले. शैवल उन्हात अन्न तयार करते; बुरशी त्याला आसरा देते व ओलावा राखते. दगडफुलाला मुळे नसतात. त्याचे बारीक तंतू सालीला केवळ चिकटून राहण्यापुरते असतात. पाणी त्याला पावसातून व दवातून मिळते. जे उघड्या कातळावर जगू शकते, त्याला आंब्याच्या रसाची गरज ती काय?

अशक्त झाडावर दगडफूल अधिक दिसते, हे खरे. परंतु तेथे कारण व परिणाम यांची गल्लत होते. झाडाची पालवी विरळ झाली की फांद्यांवर ऊन पोहोचते आणि वर्षाला काही मिलिमीटरच वाढणाऱ्या दगडफुलाला पसरण्यास वाव मिळतो. ते झाडाच्या दुर्बलतेचे साक्षीदार आहे, अपराधी नव्हे. साल खरवडल्याने मात्र जखमा होतात व त्यांतून कीड-रोगांना वाट मिळते.

खरा चोर आहे बांडगूळ. त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरून पाणी व क्षार शोषतात आणि पक्षी त्याचे बी झाडोझाड पोहोचवितात. त्याची फळे पिकण्यापूर्वीच, ते रुजले असेल त्याच्या खालून फांदी छाटणे हितावह होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा भेद बागेत उभे राहून, दोन्ही फांद्या हाती देऊन दाखवावा. दगडफुलावर होणारा खर्च व श्रम खत, निचरा आणि छाटणी यांकडे वळले, तर झाड सावरेल आणि बागायतदाराचा पैसाही सत्कारणी लागेल.