पॅकेजांची नोंद हा विश्लेषणाचाच भाग

‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेचे सामर्थ्य तिच्या गाभ्यापेक्षा तिला जोडून घेता येणाऱ्या पॅकेजांमध्ये, म्हणजे विशिष्ट कामांसाठी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावलींच्या संचांमध्ये अधिक आहे, आणि १९९७ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या ‘क्रॅन’ या मध्यवर्ती भांडारात अशी २०,००० हून अधिक पॅकेजे आज उपलब्ध आहेत. ती बसवण्याची आज्ञा सर्व कार्यप्रणालींवर एकच असली, तरी तिच्यामागे घडणारी क्रिया एकच नसते, आणि अध्यापनात नेमका हाच भाग सुटून जातो.

विंडोज व मॅक यांच्यासाठी क्रॅन बहुतेक पॅकेजे बायनरी स्वरूपात, म्हणजे कंपाइल करून थेट वापरता येतील अशी पुरवते. लिनक्सवर मात्र तेच पॅकेज सोर्स कोडच्या रूपात येते आणि वापरणाऱ्याच्या संगणकावरच कंपाइल व्हावे लागते. त्यामुळे नकाशाविषयक माहिती हाताळणारे ‘एसएफ’ हे पॅकेज विंडोजवर विनासायास बसते, पण उबुंटूवर जीडाल, जिओस व प्रोज या प्रणालीच्या लायब्ररी आधी बसवलेल्या नसतील तर मध्येच अडते, आणि त्या बसवण्याचे अधिकार सामायिक सर्व्हरवर विद्यार्थ्याला सहसा नसतात.

बसवलेली पॅकेजे ज्या फोल्डरात राहतात त्यालाही आरच्या परिभाषेत लायब्ररीच म्हणतात, आणि वैयक्तिक लायब्ररी आवृत्तीनुसार वेगळी असल्याने ४.३ वरून ४.४ वर गेल्यावर पॅकेजे नाहीशी झाल्यासारखी वाटतात. अशा वेळी जुना फोल्डर उचलून नव्या जागी ठेवण्याची सवय घातक आहे, कारण कंपाइल केलेला कोड ज्या आवृत्तीसाठी तयार झाला तिच्याशी बांधलेला असू शकतो. पण म्हणून जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहणेही योग्य नाही: २०२२ च्या ४.२.० पासून विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांवर आर यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतप्रणाली मूळ संकेत म्हणून वापरते, आणि त्याआधी पडद्यावर अनेकदा सांकेतिक आकड्यांत उमटणारी देवनागरी आता देवनागरीतच दिसते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी ही सुधारणा मोलाची आहे.

प्रकल्पातील पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या ‘आरएन्व्ह’ हे साधन एका लॉकफाइलमध्ये नोंदवते, ज्यावरून तोच संच दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभा करता येतो; परंतु ही फाइल पुरेशी आहे हा समज चुकीचा आहे. तिच्यात जीडालसारख्या प्रणालीच्या लायब्ररींची नोंद नसते, शिवाय क्रॅनच्या संग्रहात पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्या केवळ सोर्स कोडच्या रूपात राहतात, म्हणून काही वर्षांनी तोच संच विंडोजवर उभारताना ‘आरटूल्स’ हा कंपायलरसंच लागू शकतो आणि तोही आरच्या त्या आवृत्तीला जुळणारा असावा लागतो. तारखेनुसार क्रॅनची प्रतिमा जपणारे मायक्रोसॉफ्टचे ‘एमरॅन’ २०२३ मध्ये बंद झाल्यावर त्यावर विसंबलेल्या प्रकल्पांना पर्याय शोधावा लागला, हेही विसरता येत नाही.

निष्कर्ष ज्या पॅकेजांच्या आधारे काढला त्यांच्या आवृत्त्या न देणे हे नमुना कसा निवडला ते न सांगण्याइतकेच गंभीर आहे. लेखकांनी यापुढे लेखासोबत लॉकफाइल, ‘सेशनइन्फो’ या आज्ञेने मिळणारा तपशील आणि लिनक्सवर काम केले असल्यास प्रणालीच्या लायब्ररींची यादी जोडावी, अशी आग्रहाची विनंती आहे.