विश्लेषण : हातकुऱ्हाडीकडून छिलक्याकडे… चेन्नईजवळच्या दगडी हत्यारांनी मानवी स्थलांतराचे गणित कसे बदलले?

आधुनिक मानव आफ्रिकेतून भारतात आला आणि सोबत हत्यारे घडवण्याचे नवे तंत्र घेऊन आला, असे बरीच वर्षे मानले जात होते. तमिळनाडूतील अतिरंपाक्कम येथील उत्खननाने या मांडणीला धक्का दिला.

जुने तंत्र काय होते?

रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ मध्ये उजेडात आणलेल्या या स्थळी सर्वांत खालच्या थरात क्वार्टझाइटच्या हातकुऱ्हाडी व फरश्या मिळतात. २०११ मध्ये त्यांचे वय सुमारे १५ लाख वर्षे ठरले. मोठा दगड दोन्ही बाजूंनी ठोकून त्यालाच आकार द्यायचा, ही त्यामागची पद्धत. तिला अ‍ॅश्युलियन म्हणतात.

नवे तंत्र वेगळे कसे?

लवाल्वा तंत्रात आधी गाभा, म्हणजे मूळ दगड, कासवाच्या पाठीसारखा तयार केला जातो. मग नेमक्या जागी घाव घालून हव्या त्या आकाराचा छिलका काढला जातो. हत्यार म्हणजे गाभा नव्हे, तर हा छिलका. तो निघण्याआधीच त्याचा आकार घडवणाऱ्याच्या डोक्यात असावा लागतो. म्हणूनच या बदलाकडे नियोजनक्षमतेचा पुरावा म्हणून पाहिले जाते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

छिलक्यांच्या या मध्य पुराश्मयुगाला भारतात स्वतंत्र ओळख मिळवून देण्यात प्रवराकाठच्या नेवासे येथील ह. धी. सांकलिया यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. त्याचा काळ मात्र दीर्घकाळ अनिश्चित राहिला.

वाद कशामुळे?

शांती पप्पू, कुमार अखिलेश व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. गाळातील कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे मोजून त्यांनी या बदलाची सुरुवात सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी झाल्याचे दाखवले. त्यात ६४ हजार वर्षांचा फरक धरला, तरी सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या स्थलांतराने त्याचा उलगडा होत नाही.

मग ही हत्यारे कोणाची?

अतिरंपाक्कममध्ये मानवी जीवाश्म सापडलेले नाहीत. त्यामुळे स्थानिक आदिमानवानेच तंत्र विकसित केले की ते आधीच्या एखाद्या स्थलांतरातून आले, हे हत्यारांवरून ठरत नाही. एवढे मात्र स्पष्ट आहे की, केवळ लवाल्वा छिलके मिळाले म्हणून तिथे आधुनिक मानव होता, असे आता म्हणता येणार नाही.