फुलं सोडा, पानं बघा

फेब्रुवारीत दिल्लीला फुलांचं वेड लागतं. राष्ट्रपती भवनाच्या अमृत उद्यानाबाहेर रांगा लागतात, कॉलन्यांच्या फाटकांशी डेलिया-पेटुनियाच्या कुंड्या मांडल्या जातात. फुलपाखरांचे फोटो काढायला निघालेला नवखा माणूस साहजिकच तिकडे वळतो आणि बहुधा हात हलवत परततो. मध काय, फुलपाखराला बऱ्याच फुलांवर मिळतो. अंडी घालायला मात्र त्याला ठरावीक झाडच लागतं, आणि ते झाड शोभेच्या वाफ्यात सहसा नसतं.

दिल्लीतल्याच मुनिरका गावाच्या गल्ल्यांत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की भर दुपारीही जमिनीला ऊन लागत नाही. पण थोडं चाललं की अशी झाडं असलेल्या जागा लागतात: जेएनयूचा खडकाळ माळ, संजय वन, वसंत विहारचं अरवली जैवविविधता उद्यान. हे उद्यान म्हणजे एके काळी खाणींनी पोखरलेली आणि विलायती बाभळीने व्यापलेली जागा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली इथे अरवलीतली मूळची झाडं परत आणली गेली. फुलपाखरांसाठी राखलेल्या भागात तर सुरवंटांना लागणारी झाडं मुद्दाम लावली आहेत.

जायचं ते गारठा असताना, ऊन नुकतं तापू लागल्यावर. उडण्याचे स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय बहुतेक फुलपाखरांना नीट उडता येत नाही. म्हणून ती आधी ऊन खात बसतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ब्लू पॅन्सी मातीवर पंख सपाट पसरते. तिची निळाई टिपायची तर कॅमेरा वरून, पंखांना समांतर धरायचा. हळदी रंगाचं छोटं ग्रास यलो पंख मिटूनच बसतं आणि उन्हाच्या बाजूला कलतं. त्याच्यासाठी सरळ गवतात आडवं व्हावं लागतं. दोघांच्याही बाबतीत पथ्य एकच: आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. सावली पडली की ऊन गेलं आणि शत्रू आला, असे दोन्ही निरोप एकदम पोचतात.

सगळ्यांत सोपं गिऱ्हाईक रुईपाशी भेटतं. आपण शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई. इथले लोक तिला आक म्हणतात. तिच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट निवांत चरत असतो. पानांतली कडू, विषारी द्रव्यं तो अंगात साठवतो. त्याचा पुढे बिबळ्या कडवा होतो: नारिंगी पंख, काळी किनार, त्यात पांढरे ठिपके. एकदा चोच मारलेला पक्षी सहसा पुन्हा याच्या वाटेला जात नाही, म्हणून हा उडतोही आरामात आणि बसतोही आरामात.

फुलपाखरांबरोबर चतुरही टिपता येतात. त्यांचा खरा हंगाम पावसाळ्यात आणि त्यानंतर. तरी थंडी ओसरताना पाण्याकाठी एखादा दिसतो. त्याचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात, त्यामुळे मागून जाऊन त्याला चकवण्यात अर्थ नाही. पण काडीवर बसायची सवय असलेला चतुर उडाला तरी बऱ्याचदा त्याच काडीवर परततो. आपण काडीवर फोकस करून थांबायचं. डिच ज्युएल नावाचा नारिंगी चतुर घाणेरड्या पाण्यातही वाढतो, तेव्हा तो दिसला म्हणून तळं स्वच्छ झालं असं समजू नये. फोटोखाली जागा, तारीख आणि पाण्याची अवस्था लिहून ठेवली, तर तो फोटो उद्या कुणा अभ्यासकाच्याही कामी येईल.

वसंत आला की माळी कुंपणाकडेची रुई खोदून काढतात आणि तिथे लॉन पसरतात. सोसायटीच्या बैठकीत त्यावर कुणी बोलत नाही, कारण रुईला कुणी बाग मानत नाही. आपण बोलावं. घरच्या कढीलिंबाच्या कुंडीतही नीट बघावं. पक्ष्याची विष्ठा वाटावी असा तपकिरी-पांढरा ठिपका पानावर दिसला, तर तो पुसू नये आणि त्यावर औषधही मारू नये. तो कॉमन मॉर्मनचा कोवळा सुरवंट असू शकतो. चार पानं त्याने खाल्ली तर आपली फोडणी काही अडत नाही. आणि फोटोसाठी गल्लीबाहेरही पडावं लागत नाही.