बंड नव्हे, लढाई म्हणा



आपलीच पोरं अजून ‘कोळ्यांचं बंड’ म्हणतात. बंड करतात ते धन्याविरुद्ध. इंग्रज आपला धनी कधी होता?

१८२८ ते ३० मध्ये रामजी भांगरे आणि रामा किरवा लढले. त्यांना धरायला पलटणी आल्या, घाटाच्या वर आणि खाली कोकणात चौक्या बसल्या. कॅप्टन मॅकिंटॉशनं आपल्या वाटा, पाणवठे, लपायच्या जागा हुडकून काढल्या. रामा किरव्याला नगरला फाशी दिली. पुढं रामजीचा पोरगा राघोजी सावकार आणि सरकार दोघांविरुद्ध उठला. पंढरपुरात सापडला, २ मे १८४८ ला ठाण्याच्या जेलात फासावर गेला. चोर धरायला कुणी पलटणी आणतं का? ही लढाईच होती. पण कागदात लिहिलं ‘दरोडे’, ‘दंगा’. दरोडेखोर म्हटलं की त्याची जमीन कुणाची, हे विचारावं लागत नाही.

आजचा तसाच शब्द ‘अतिक्रमण’. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं मान्य केलंय. तरी आपणच बोलताना ‘आमचं अतिक्रमण’ म्हणतो. ते बंद करा. ‘आमची वहिवाट’ म्हणा.

टाकवे बुद्रुक आणि अंदर मावळातल्या वाड्यांनी म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावेत. कायद्यात तो पुरावा आहे. जुनी शेतं, पाणवठे, देवाच्या जागा, सगळं नावानिशी लिहा. तेव्हा आपल्या वाटा त्यांनी लिहिल्या, आपल्याला धरायला. आता आपण लिहू, जमीन राखायला.