एका बिटाचं सोवळं

‘शुद्ध डीएसडी’ असं छापून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या अल्बमांबद्दल माझी तक्रार आहे. आवाजाबद्दल नाही, कित्येक अल्बम कानाला सुरेखच लागतात. तक्रार ‘शुद्ध’ या शब्दाबद्दल आहे.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये एसएसीडी आणली. तिच्यातल्या डीएसडीमध्ये सेकंदाला २८,२२,४०० नमुने असतात, पण प्रत्येक नमुना फक्त एका बिटाचा: शून्य किंवा एक. आवाज चढला की उतरला, हे त्यांच्या दाटीवरून ठरतं.

आता हा आवाज निम्मा करून दाखवा. एकाचा निम्मा अर्धा. तो एका बिटात लिहिणार कुठे? आवाज कमी करणं, दोन टेक एकमेकांत मिसळणं, खर्ज थोडा उतरवणं, या सगळ्यात गुणाकार-बेरीज आहे आणि उत्तर एका बिटात मावत नाही. म्हणून आधी जास्त बिटांत जायचं, काम करायचं आणि परत एका बिटात कोंबायचं. प्रत्येक कोंबणीत नवा गोंगाट येतो. बहुतांश २० किलोहर्ट्‌झच्या वर ढकलला जातो, म्हणून ऐकू येत नाही. पण फेऱ्या वाढल्या की साचत जातो. एका बिटाला पुरेसा डिदर देताच येत नाही, हे लिपशिट्झ आणि व्हँडरकुय यांनी २००१ मध्येच मांडलं होतं.

स्टुडिओवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर संपादनासाठी डीएक्सडी आलं: २४ बिट, ३५२.८ किलोहर्ट्‌झ. म्हणजे पीसीएमच, ज्याला नावं ठेवून डीएसडी विकलं जातं!

‘सोनोमासारख्या यंत्रणेत फक्त जोडापुरतंच रूपांतर होतं,’ असं कुणी म्हणेल. मान्य. एका दमात वाजवून थेट उतरवलेली रेकॉर्डिंगंही असतात, त्यांनी ‘शुद्ध’ म्हणून खुशाल मिरवावं. पण अख्ख्या तुकड्याची पातळी बदलली की अख्खा तुकडा बाटला.

प्रश्न फक्त हौशी लोकांच्या खिशाचा नाही. आपल्याकडे घरोघरी जुन्या मैफिलींच्या टेप पडून आहेत. त्यांतली गुणगुण काढावी लागणार, पातळी सावरावी लागणार. ‘शुद्धते’च्या मोहाने त्या डीएसडीत नेऊ नका, २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ पीसीएममध्ये उतरवा. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासाही पीसीएमचीच शिफारस करते.

आणि कंपन्यांनी वेष्टनावर एक ओळ छापावी: संपादन कशात केलं, रूपांतर किती वेळा झालं. तुपाच्या डब्यावर आत काय आहे ते छापतात. संगीताच्या डबीवर का नको?