नासलेले दूध आणि मूठभर चुना

यंदा कोजागरीच्या रात्री आमच्या घरी दोन लिटर दूध नासले. सौभाग्यवतींनी कपाळावर हात मारला. मी म्हणालो, "अगं, मेक्सिकोत असतीस तर मुद्दाम नासवले असतेस!" यावर मिळालेला कटाक्ष छापण्याजोगा नाही.

परंतु वाचकहो, माझे म्हणणे खोटे नव्हते. मेक्सिकोच्या पश्चिमेस मिचोआकान नावाचे राज्य आहे. तेथील सामोरा गावची 'चोंगोस' ही मिठाई अशीच होते. चीज करताना घालतात ते रेनेट घालून दूध फाडायचे, साखर आणि दालचिनी टाकून मंद आचेवर बराच वेळ ठेवायचे; शेवटी पाकात पोहणारे मऊ, पिंगट तुकडे हाती येतात. राजधानी मोरेलियात पेरूचा गर साखरेत आटवून 'आते' नावाच्या वड्या थापतात व चीजच्या कापाबरोबर खातात. कोवळा मका वाटून कणसाच्या सालीत उकडला की गोडसर 'उचेपो' तयार! आणि मक्याच्या लांब पानात गुंडाळून उकडलेली कोनाकोनांची 'कोरुंदा'. तिच्यावर साय आणि मिरचीची चटणी.

"पण कोरुंदाचं पीठ कसं करतात?" राग विसरून सौभाग्यवतींनी विचारले. खरी गोष्ट येथेच आहे.

तेथील पुरेपेचा बायका वाळलेला मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच मुरू देतात, धुतात आणि मग वाटतात. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. ही कृती मात्र मागेच राहिली. पुढे उत्तर इटलीत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा रोगाने गाठले. कातडी सोलवटे, जुलाब लागत, बुद्धिभ्रंश होई; हजारो माणसे मेली. १९१४ नंतर डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले की, दोष आहारात आहे. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते. पुरेपेचा आजीबाईंना जीवनसत्त्व ठाऊक नव्हते. चुना ठाऊक होता.

२०१० साली युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाककला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली, ती मिचोआकानचाच आदर्श समोर ठेवून.

आमची आई अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घाली आणि रोज न चुकता पाणी बदली. का, ते तिने कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. आता विचारायला ती नाही. गेल्या वर्षी "कशाला खटाटोप? विकतचे पीठ आणा," असा शहाणपणाचा सल्ला मीच दिला होता. तो मी जाहीरपणे मागे घेतो. यंदा आमच्या घरी तांदूळ भिजतील, आणि पाणी बदलण्याचे काम माझ्याकडे आहे!