विश्लेषण : ई-कारने शिर्डीला निघालात, केडगावला चार्जिंगचा हिशेब कसा मांडाल?

सुट्ट्या लागल्या, की पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव, शनिशिंगणापूर, शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी होते. त्यात हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्याही आता वाढू लागल्या आहेत. रोजच्या वापरात ई-कार रात्री घरी चार्ज होते आणि प्रश्न मिटतो. सुट्टीच्या प्रवासात मात्र तो रस्त्यावर येतो.

केडगाव महत्त्वाचे का?

केडगाव हे अहिल्यानगर शहराचे पुण्याच्या बाजूचे तोंड. पुण्याहून इथवर साधारण ११५ किलोमीटर होतात. पुणे-छत्रपती संभाजीनगर प्रवासाचाही हा जवळजवळ मध्य. पुण्याहून शनिशिंगणापूर, शिर्डी करून याच रस्त्याने परतायचे, तर एकूण अंतर चारशे किलोमीटरच्या वर जाते. ४० युनिटची बॅटरी असलेली गाडी एका युनिटला सहा किलोमीटर चालली, तरी मजल २४० किलोमीटरचीच. एसी, भरलेली गाडी आणि ताशी शंभरचा वेग यांनी ती आणखी घटते. म्हणजे वाटेत किमान एकदा आणि निश्चिंतपणे जायचे तर दोनदा चार्जिंग करावे लागणार. बाह्यवळणाने जाणारे तर शहरात शिरतच नाहीत. त्यामुळे थांबायचे कुठे, हे केडगावच्या आधीच ठरलेले बरे.

वेळ किती लागतो?

४० युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची, तर २८ युनिट वीज लागते. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे सुमारे ३.३ किलोवॉटने, त्याला साडेआठ-नऊ तास लागतात. ७.२ किलोवॉटच्या एसी चार्जरवर चार तास. ३० किलोवॉटच्या डीसी फास्ट चार्जरवर तासभर आणि ६० किलोवॉटच्या चार्जरवर, गाडी तेवढी वीज घेत असेल तर, अर्धा-पाऊण तास. ८० टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करते. शेवटच्या २० टक्क्यांना म्हणूनच फार वेळ जातो.

धोरण काय सांगते?

राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग सुविधेचे उद्दिष्ट आहे. केंद्राच्या १०,९०० कोटींच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जरसाठी आहेत. चार्जिंग स्टेशन चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे हॉटेल, लॉज, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप यांपैकी कोणीही नियम पाळून ही सेवा देऊ शकते.

मग अडते कुठे?

अंतराच्या हिशेबात गर्दी मोजली जात नाही. पेट्रोल पंपावर एक गाडी पाच मिनिटांत हलते; चार्जरवर ती तासभर उभी राहते. एकच गन असलेल्या ठिकाणी पुढे दोन गाड्या असल्या, तर तिसऱ्याचे दोन तास रांगेतच जातात. त्यात चार्जर बंद निघाला किंवा वीज गेली, तर पुढच्या ठिकाणापर्यंत जाण्याइतकी बॅटरी उरलेली असेलच असे नाही. सोबत लहान मुले आणि वृद्ध असतील, तर ही गैरसोय साधी राहत नाही. नकाशावरचा ठिपका म्हणजे चालू चार्जर नव्हे, ही खरी अडचण आहे.

प्रवाशांनी काय पाहावे?

- अॅपवर शोधताना केडगाव अहिल्यानगरचे आहे ना, हे पाहावे. दौंड तालुक्यातही केडगाव आहे आणि तो रस्ता वेगळा.
- गन सीसीएस-२ आहे का, किती किलोवॉटची आहे आणि त्याच दिवशी कोणी ती वापरली आहे का, हे तपासावे. शक्य तर फोन करावा.
- एक पर्याय हाताशी ठेवून, बॅटरी २५-३० टक्के असतानाच थांबावे.
- रांग असेल तर ८० टक्क्यांवर गाडी काढावी. जेवण होईपर्यंत गन अडवून ठेवू नये.
- मुक्काम ठरवताना लॉजवाल्याला १५ अँपिअरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग आहे का, हे विचारावे. साधी एक्स्टेंशन वायर गरम होऊन आग लागू शकते.
- दरफलकावरील रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे पाहावे.

पुढे काय व्हावे?

सगळा भार फास्ट चार्जरवर टाकण्याची गरज नाही. भाविक रात्री मुक्काम करतात, तेव्हा गाडी आठ-दहा तास उभीच असते. अहिल्यानगर, शिर्डी, शिंगणापूरच्या भक्त निवासांत आणि लॉजांत साधे एसी चार्जर बसले, तर सकाळची रांग निम्म्यावर येऊ शकते. त्यांचा खर्चही फास्ट चार्जरच्या मानाने फारच कमी. महामार्गावर मात्र एका ठिकाणी किमान दोन-तीन गन असाव्यात आणि नादुरुस्त चार्जर ठरावीक मुदतीत सुरू करण्याचे बंधन हवे. किती चार्जर बसवले, हा आकडा सरकार सांगते. सुट्टीच्या दिवशी किती चालू होते, हा आकडाही जाहीर व्हायला हवा. ई-कार घेणाऱ्याचा विश्वास अनुदानापेक्षा त्यावरच टिकेल.